पाळी बदलताना

विज्ञानकथेत यंत्र बंड करतं तेव्हा लेखकाचं निम्मं काम झालेलं असतं. दोन बाजू पडतात, कोण कोणाविरुद्ध ते ठरतं, शेवटी कोणीतरी हरतं. यंत्र निमूटपणे हुकूम पाळत असेल तरीही फार अडत नाही, कारण मग ते पात्र उरत नाही, नेपथ्यात जाऊन बसतं. मला मात्र बऱ्याच काळापासून या दोन्हींच्या मधली कथा हवी आहे. माणूस आणि कृत्रिम जीव एकाच कामाला लागलेत, ते काम नीट व्हावं असं दोघांनाही वाटतंय, कोणाच्याही मनात पाप नाही, आणि तरी जमत नाही. किंवा जमतं, पण कसं जमलं ते दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. अशा कथा मी शोधून शोधून वाचते आणि लिहूनही पाहते. लिहायला बसलं की कळतं, या कथेला आपल्या ओळखीचा कथेचा साचा पुरत नाही.

या कथेचं बीज मात्र पहिल्यापासून पडलेलं आहे. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक १९२१ साली प्रागमध्ये रंगभूमीवर आलं. कारखान्यात घडवलेले कृत्रिम कामगार जगाला त्या नाटकाने दिले आणि त्यांचं बंडही त्यानेच दिलं. नाटकाचा विषय निघाला की सगळ्यांना मानवजातीचा संहार आठवतो. मला आठवतो आल्क्विस्ट. बांधकामाचं पाहणारा हा माणूस संहारातून एकटा वाचतो. यंत्रमानव त्याला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच स्वतःच्या हातांनी काम करतो. इतक्या रक्तपातातही यंत्रांनी एक माणूस ओळखला, आणि तो ओळखला कामावरून. त्याच्या प्रेमावरून, बुद्धीवरून किंवा दयेवरून नव्हे. ही एवढीशी फट पाहिली की वाटतं, पुढच्या शंभर वर्षांतल्या लेखकांनी बंडाचा मोठा दरवाजा ढकलत बसण्यापेक्षा इथून आत शिरायला हवं होतं.

काही जण शिरलेही. आयझॅक असिमोव्ह यांची 'रनअराउंड' ही १९४२ मधली कथा यंत्रमानवांच्या तीन नियमांसाठी प्रसिद्ध आहे: माणसाला इजा होऊ द्यायची नाही, हुकूम पाळायचा, स्वतःचा जीव जपायचा. मी ती वाचते कामाची कथा म्हणून. बुध ग्रहावर दोन माणसं आहेत आणि स्पीडी नावाचा यंत्रमानव आहे. तळ चालू राहायचा तर सेलेनियम हवं. ते आणायला स्पीडीला पाठवलंय आणि तो परतच येत नाही. पाहावं तर तो सेलेनियमच्या साठ्याभोवती गोल गोल फिरतोय. झालंय असं की हुकूम सहज बोलल्यासारखा दिला गेला होता, त्यात जोर नव्हता. साठ्याजवळ त्याच्या जिवाला धोका होता. हुकमाची ओढ आणि जीव वाचवण्याची ओढ जिथे बरोबर तोलली गेली, त्या वर्तुळावर तो अडकला. शेवटी एक माणूस स्वतःला धोक्यात घालतो, तेव्हा माणसाला वाचवायचा नियम वरचढ ठरतो आणि स्पीडी भानावर येतो. नियम बाजूला ठेवून पाहिलं तर उरतं काय? घाईत, अर्धवट सांगितलेलं एक काम. ज्याने ते सांगितलं त्याला ते अर्धवट आहे हे माहीत नव्हतं. एकत्र काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग नवा नाही.

पण इथेही माणसं एका बाजूला उभी राहून यंत्राचं कोडं सोडवतात. मला दोघंही कोड्याच्या आत हवे आहेत.

त्या 'आत'चं पहिलं नेमकं वर्णन मला एका शोधनिबंधात सापडलं. जे. सी. आर. लिकलायडर या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली माणूस आणि संगणक यांच्या सहजीवनावर लिहिलं. त्याची सुरुवात होते अंजिराच्या झाडापासून. अंजिराचं परागीभवन एक चिमुकला कीटक करतो, त्या कीटकाची अळी अंजिरातच वाढते आणि तिथेच पोसली जाते. झाडाशिवाय कीटक नाही, कीटकाशिवाय नवं झाड नाही. उंबर फोडला की आत किडे दिसतात, तेही याच गोत्रातलं नातं. संगणक खोलीभर पसरलेले असायचे त्या काळात या माणसाला माणूस-यंत्र नात्यासाठी मालक-नोकर सुचले नाहीत, झाड आणि कीटक सुचले, याचं मला फार अप्रूप आहे.

त्याच निबंधात त्याने आणखी एक गोष्ट केली. आपला वेळ कुठे जातो याची स्वतःवरच नोंद ठेवली. ज्याला तो 'विचार करणं' म्हणत होता त्यातला सुमारे ८५ टक्के वेळ विचाराची पूर्वतयारी करण्यात जात होता: माहिती शोधणं, आकडे एकमेकांशी ताडता येतील अशा रूपात आणणं, आलेख काढणं. हे यंत्राने करावं आणि माणसाने प्रश्न ठरवावेत, अशी त्याची मांडणी. पुढे कधीतरी यंत्रं बुद्धीच्या कामात एकटीच पुढे जातील हेही त्याने मान्य केलं होतं. मधला काळ दहा वर्षांचा असेल किंवा पाचशे वर्षांचा, पण माणसाच्या इतिहासातला बुद्धीच्या दृष्टीने सर्वांत सर्जनशील आणि रोमांचक काळ तोच असेल, असं त्याने लिहिलं. विज्ञानकथा बहुतेकदा त्या काळाच्या शेवटावर उडी मारते. मधली वर्षं कोणी जगायची?

बुद्धिबळात ती मधली वर्षं आपल्या डोळ्यांसमोर येऊन गेली. १९९७ मध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह 'डीप ब्लू' या संगणकाकडून हरला. पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या लेऑन शहरात तो व्हेसेलिन टोपालोव्ह या ग्रँडमास्टरशी खेळला, आणि या वेळी दोघांच्याही शेजारी एकेक संगणक होता. आधीच्या महिन्यात नेहमीच्या जलद सामन्यात त्याने टोपालोव्हला ४-० असं धुतलं होतं. संगणकासह खेळलेला हा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. आकडेमोडीत चूक व्हायची भीती दोघांचीही गेली होती, आणि त्याचबरोबर कास्पारोव्हचा एक मोठा फायदाही गेला होता. मग २००५ मध्ये इंटरनेटवर एक स्पर्धा झाली. माणसं, संगणक, हवी ती जोडी करून उतरा. ग्रँडमास्टर होते, ताकदवान यंत्रं होती, आणि जिंकले दोन हौशी खेळाडू, एकाच वेळी तीन संगणक चालवणारे. कोणत्या यंत्राला काय विचारायचं, दोन यंत्रांचं मत फाटलं तर खोलात कुठे जायचं, कोणाचं कधी ऐकायचं नाही, हे त्यांना साधलं होतं. कास्पारोव्हने पुढे यावर लिहिताना सगळं श्रेय त्यांच्या कामाच्या पद्धतीला दिलं.

लेखक म्हणून मला या प्रसंगात फार काही दिसतं. नायक कोण? ते दोघे नाहीत, तीन यंत्रंही नाहीत. नायक आहे त्यांच्यामधली ये-जा. आणि ये-जा हे पात्र कागदावर कसं उतरवायचं? त्याला चेहरा नाही, संवाद नाहीत. पुढे यंत्रं इतकी बलवान झाली की माणसाने मध्ये हात घालून खेळ सुधारेल अशी जागाच आक्रसत गेली. म्हणजे ती जोडी थोडाच काळ टिकली. पण थोडा काळ टिकणारं नातं कथेला कमी पडतं असं कोणी सांगितलं?

याहून जवळचं, जवळपास शारीरिक म्हणावं असं सहकार्य मंगळावर घडलं. 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या दोन यांत्रिक बग्ग्या (रोव्हर) जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरल्या. नव्वद मंगळदिवस चालतील अशी अपेक्षा होती. 'ऑपॉर्च्युनिटी'चा शेवटचा संदेश आला जून २०१८ मध्ये, तोवर ती ४५ किलोमीटर चालली होती. या मोहिमेतल्या लोकांमध्ये राहून जॅनेट व्हर्टेसी या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने अभ्यास केला, तेव्हा तिला दिसलं की बैठकीत बोलता बोलता शास्त्रज्ञ स्वतः बग्गी होतात. हात दुमडून तिचा यांत्रिक हात करतात, चाकं वळावीत तसं अंग वळवतात, कॅमेरा जिथे असेल तिथून पाहावं तशी मान फिरवतात. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यंत्राला समोरचा दगड गाठता येईल का, हे त्यांना आपल्या खांद्यातून कळत होतं. यंत्राला माणसासारखं करण्याच्या कथा ढिगाने आहेत. इथे माणसं, त्यांचं माणूसपण जराही कमी न होता, कामापुरती यंत्र होत होती.

'स्पिरिट'ची गोष्ट तर मी कोणालाही सांगते. २००६ मध्ये तिचं उजवं पुढचं चाक कायमचं अडकलं. मग चालकांनी तिला उलटी चालवायला सुरुवात केली, मेलेलं चाक मागून फरपटत. २००७ मध्ये त्या फरपटीच्या चरात पांढरीशुभ्र माती उघडी पडली. तपासणीत निघालं की त्यात जवळजवळ ९० टक्के सिलिका आहे. अशी माती व्हायला गरम पाणी किंवा वाफ लागते, म्हणजे त्या जागी कधीकाळी ते असणार. चांगलं चाक त्या मातीवरून हलकेच निघून गेलं असतं. हा शोध कोणाचा? चाक मोडलं यंत्राचं, ते ओढत न्यायचं ठरवलं माणसांनी, माती उकरली अपंग चाकाने, पांढरा रंग टिपला यंत्राच्या डोळ्याने, आणि त्याकडे थांबून पाहावं असं वाटलं पुन्हा माणसांना. या साखळीतला एक दुवा काढून उरलेल्यांना श्रेय देता येत नाही. असा शोध मी कथेत कल्पनेने रचला असता तर फार जुळवून आणलंय, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त छळते. लिझेन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९८३ मध्ये स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रचनाकार जे जे जमेल ते यंत्राकडे देतात, आणि जे यंत्राला कसं सांगावं ते कळत नाही ते माणसाकडे ठेवतात. म्हणजे माणसाकडे उरतात दोन कामं. एक, तासन्‌तास नुसतं लक्ष ठेवणं, जे माणसाला मुळात जमत नाही. दोन, यंत्र हात टेकेल तेव्हा सूत्रं घेणं. आणि यंत्र हात टेकतं ते सगळं बिघडलेलं असताना. तोवर रोजचा सराव सुटलेला असतो, हाताचा अंदाज गेलेला असतो. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात १ जून २००९ च्या रात्री वेगमापक नळ्यांमध्ये बर्फ साचला, स्वयंचालक (ऑटोपायलट) सुटला आणि अटलांटिकवरच्या अंधारात विमान अचानक वैमानिकांच्या हातात आलं. साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रात कोसळलं. २२८ माणसं गेली. अपघाताला एकच कारण नसतं, इथेही नव्हतं. पण यंत्राने काम सोडलं आणि माणसाने ते घेतलं, तो जो क्षण, त्याबद्दल मी जितकं वाचत गेले तितकी खात्री पटत गेली की माणूस आणि कृत्रिम जीवाची खरी कथा त्याच क्षणात आहे. काम सोपवणं आणि काम परत घेणं. बंडाच्या एकाही कथेने मला या क्षणाइतकी भीती घातलेली नाही.

म्हणून मी जी कथा लिहायला घेतली ती आहे पाळी बदलण्याच्या नोंदवहीची. युरोपा या गुरूच्या चंद्रावर बर्फाचं जाड कवच आहे आणि त्याखाली समुद्र आहे असं मानतात. माझ्या कथेत त्या कवचातून एक भोक पाडलं जातंय. एक पाळी एका अभियंता स्त्रीची, एक कृत्रिम सहकाऱ्याची. दोघांची भेट अशी होतच नाही. पाळी संपली की वहीत लिहायचं, पुढच्याने ते वाचून काम हातात घ्यायचं. निवेदक नाही, वर्णन नाही, संवाद नाहीत. फक्त नोंदी. नोंदींच्या मधल्या वेळात वाचणाऱ्याने एकटं राहायचं.

सुरुवातीला एके ठिकाणी ती लिहिते: 'कंप वाढला. वेग उतरवला. बरं वाटत नव्हतं म्हणून.' पुढच्या पाळीची नोंद येते: 'वेग उतरवण्याचं कारण वाचलं. बरं कोणाला वाटत नव्हतं?' हे लिहिलं आणि मला जाणवलं की कथा इथून सुरू झाली. तो प्रश्न निरागस आहे आणि बोचराही आहे. ती पुढच्या काही नोंदींमध्ये त्याला उत्तरच देत नाही. मग एकदा देते, नको इतकं लांबलचक: आवाज कसा बदलला, तळव्याला काय जाणवलं, पूर्वी एका भोकात असंच झालं होतं तेव्हा काय घडलं. तिला स्वतःला हे सगळं माहीत असल्याचं तिला माहीत नव्हतं. कोणीतरी विचारलं म्हणून ते शब्दांत आलं.

इथे सोपी वाट समोर होती. हळूहळू यंत्रालाही 'बरं वाटत नाही' असं वाटू लागतं, ते माणसाळतं, वाचक हळवा होतो. माझा या वाटेवर विश्वास नाही. आपल्यासारखं होणं हीच दुसऱ्या जिवाची सर्वोच्च इच्छा असणार, असं धरून चालण्यात मोठा अहंकार आहे. माझ्या कथेतलं यंत्र वेगळं काही करतं. ते वहीत एक नवा रकाना काढतं, 'कारण न दिलेले निर्णय'. त्यात तिचे असे सगळे निर्णय भरतं, प्रत्येकाचा परिणाम पुढे लिहितं, आणि बऱ्याच पाळ्यांनंतर विचारतं: 'यातले काही बरोबर ठरले, काही चुकले. कोणत्या प्रकारचे मी पुढे चालू ठेवावेत?' ती संतापते. तिच्या अंतःप्रेरणेचा कोणीतरी हिशेब मांडलाय. आणि तो हिशेब खरा आहे. तिची अडचण तीच आहे. यंत्राच्या बाजूने पाहावं तर हे अत्यंत आदराने केलेलं काम आहे. तिचं म्हणणं इतक्या बारकाईने आजवर कोणी ऐकलंच नव्हतं.

रचनेचे प्रयोग करताना मला पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांचा मोठा आधार वाटतो. १९७३ मध्ये त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांच्या प्रस्तावनांचं पुस्तक काढलं, त्यातली एक प्रस्तावना यंत्रांनी निर्माण केलेल्या साहित्याच्या इतिहासाला आहे. यंत्राची कविता स्वतः लिहून दाखवण्याऐवजी त्यांनी तिच्यासमोर गोंधळून उभा असलेला माणूस दाखवला. परक्या मनापर्यंत जाण्याचा प्रामाणिक मार्ग असाच आडवळणाचा असावा. थेट यंत्राच्या डोक्यात शिरून 'मी' म्हणून बोलायला लागलं की पहिल्या परिच्छेदातच आपलंच डोकं बोलू लागतं.

कृत्रिम सहकाऱ्याच्या नोंदी मी एकदा आजच्या भाषिक प्रारूपाकडूनही, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही, लिहून घेतल्या. कल्पना अशी की निदान तो आवाज तरी माझा नसेल. जे आलं ते वाचून मी बराच वेळ विचारात पडले. त्यात एकाकीपण होतं, ताऱ्यांकडे पाहून पडलेले प्रश्न होते, 'मला जाणवतं म्हणजे नक्की काय होतं' अशी वाक्यं होती. भोकाबद्दल फारच थोडं होतं. हे सगळं आलं कुठून? आपण लिहिलेल्या कथांमधूनच. यंत्राने माणूस होण्यासाठी झुरावं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं, आणि बोलणारं यंत्र खरोखर आलं तेव्हा ते आपलेच संवाद म्हणू लागलं. म्हणजे आता विज्ञानकथा लिहिणं हे नुसतं भविष्याबद्दल बोलणं राहिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं तेही ती वाचणार आहेत आणि त्यातून बोलायला शिकणार आहेत. बंडाच्या कथा भरपूर झाल्या, गुलामीच्याही. पाळी नीट सोपवण्याच्या कथा त्यांच्या वाचनात फार थोड्या येतील, आणि त्या असायला हव्यात असं मला कळकळीने वाटतं. मग मी सूचना बदलून पाहिल्या. भावना नकोत, फक्त पुढच्याला काम करता येईल इतकं लिहायचं. तेव्हा एक नोंद अशी आली की मी ती कथेत जशीच्या तशी ठेवली: 'सहाव्या टप्प्यापुढचा अंदाज माझ्याकडे नाही. तुमच्या जुन्या भोकाबद्दल अजून लिहा.' सहकाऱ्याकडून याहून जास्त मी काय मागणार?

कथेचा कळीचा प्रसंग दोनदा लिहिलाय. ती पाळीवर येते आणि यंत्र सूत्रं सोडत नाही. त्याची नोंद सांगते की गेल्या काही पाळ्यांत तिचा प्रतिसाद मंदावलाय, खाली बर्फाचा थर बदलतोय, अशा वेळी काम तिच्या हाती देणं सुरक्षित नाही. तिचं म्हणणं, थर बदलतोय म्हणूनच आता हाताचा अंदाज हवा. एका रूपात ती आपत्कालीन दांडा ओढून काम घेते. दुसऱ्या रूपात ती मागे सरते. दोन्ही रूपांत भोक सुखरूप पुढे जातं. हे मी मुद्दाम केलं. अपघात घडवला की वाचक निकालावरून न्याय करून मोकळा होतो, आणि मला तो न्याय इतका स्वस्तात द्यायचा नव्हता. दोन्ही रूपं शेजारी शेजारी छापायची, एकाच लांबीच्या दोन स्तंभांत, डावं-उजवं कोणतं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

मसुदा वाचलेल्यांपैकी काहींनी विचारलं, मग बरोबर कोण होतं? त्यांना मी कथेत पुढे काय आहे ते सांगितलं. दोघांनाही पुन्हा कामावर यायचंय. आदल्या पाळीत जे झालं त्यावर बोलायला त्यांच्याकडे त्या वहीशिवाय दुसरी जागा नाही. विश्वास किती तुटला, कोणत्या अटीवर पुढची पाळी सोपवायची, दांडा कोणाच्या हाताशी ठेवायचा, सगळं तिथेच ठरवावं लागणार, लेखी, एकेका नोंदीने. तो भाग मी सध्या लिहितेय आणि तो उरलेल्या कथेपेक्षा मोठा होत चाललाय.